मण्यार, मान आणि पंचनामा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मळ्यातल्या वस्तीवर एखाद्या विवाहितेचा मृत्यू झाला की पोलीस पाटलाच्या खबरीवरून ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते. ही नोंद म्हणजे निष्कर्ष नव्हे. मृत्यू अपघाताचा, आत्महत्येचा की घातपाताचा हे ठरेपर्यंत उघडे ठेवलेले ते खाते असते. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ एवढ्या बातमीवरून मात्र गावात विषप्रयोगाची चर्चा पसरते. वास्तविक व्हिसेरा म्हणजे जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे रासायनिक तपासणीसाठी काढलेले नमुने, आणि ते राखणे ही केवळ खबरदारी होय.

या मुलखात विहीर, कीटकनाशक आणि साप ही तिन्ही कारणे खरी असतात, आणि म्हणूनच ती सांगायलाही सोपी पडतात. विहिरीतून काढलेल्या देहावरून बुडून मृत्यू आला एवढे बहुधा सांगता येते. पाय घसरला, उडी घेतली की ढकलले, हे फुफ्फुसे सांगत नाहीत.

सापाचा प्रश्न अधिक अवघड आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, सूज येत नाही, दंशाची खूण कित्येकदा दिसतही नाही. नेहमीच्या रासायनिक तपासणीत तिचे विष सापडत नाही, त्यासाठी प्रतिद्रव्यांवर आधारलेली वेगळी चाचणी लागते. म्हणजे खूण नाही म्हणून दंश खोटा ठरत नाही, आणि घरच्यांनी सांगितला म्हणून खराही ठरत नाही. ‘त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्पदंशाचे कारण पुढे करण्यात आले होते; शवविच्छेदनात मान दाबल्याने श्वासावरोध झाल्याचे निघाले, आणि घराच्या चार भिंतींआड घडलेल्या अशा मृत्यूचा खुलासा देण्याची जबाबदारी घरातल्यांवरही येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये म्हटले. याच न्यायालयाने पुण्याच्या सारडा खटल्यात 1984 साली घालून दिलेली मर्यादाही विसरता येत नाही: खोटा खुलासा हा पुराव्याच्या साखळीतला तुटलेला दुवा जोडू शकत नाही. तो दुवा शवागारातच सापडावा लागतो.

येथे मानेच्या तपासणीचा मुद्दा येतो, आणि त्याची हेळसांड सर्वाधिक होते. कवटी आणि छाती आधी उघडून मानेतले रक्त उतरू द्यावे, मगच स्नायूंचा एकेक थर सोडवावा, असा दंडक आहे. घाईने आधी मान कापली तर झिरपलेले रक्त मुक्या मारासारखे दिसते आणि निर्दोष माणूस गोवला जाऊ शकतो. जिभेच्या मुळाशी असलेले नालाकृती कंठास्थी मोडले नाही म्हणून गळा दाबलाच नाही, हा युक्तिवाद न्यायालयात पुन्हा पुन्हा ऐकू येतो. तरुण वयात त्या अस्थीचे भाग जुळून आलेले नसतात, ते लवतात. दाब प्राणघातक असूनही अस्थी अभंग राहू शकते. हे किती वेळा समजावून सांगायचे, असा प्रश्न तज्ज्ञाला पडल्यास नवल नाही.

लग्नाला सात वर्षे झाली नसतील तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी होते. आठव्या वर्षीही, मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असल्यास, शवविच्छेदन करण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 मध्ये आहे. परंतु शंका घेणारा माणूस त्या वेळी तेथे असावा लागतो. पंचनाम्यात ‘उजव्या हातात चार बांगड्या, डाव्या हातात एक’ असे काळजीपूर्वक लिहिलेले आढळते. उरलेल्या तीन बांगड्यांचे तुकडे कोठे पडले, हे पाहण्यापूर्वी घर झाडून, सारवून झालेले असते.