चौदा कारकुनांचे यंत्र

जिल्हा स्पर्धेहून परतताना गाडीत माझी मुलगी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "पप्पा, पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि एकच प्यादं उरलं होतं. डाव बरोबरीत सुटायला हवा होता. मी हरले कशी?"

मी बी.कॉम. झालेला कारकून. जमाखर्चातली चूक शोधून देईन, पण बुद्धिबळातली कुठून शोधणार? घरात एकच मोबाईल, तो दिवसभर माझ्याबरोबर कचेरीत. शिकवणीची फी परवडणारी नाही. तिच्यासमोर बसणाऱ्या मुलांकडे मात्र घरचे संगणक होते.

१९९७ साली 'डीप ब्लू' या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले, तेव्हा मी शाळेत होतो. ते यंत्र सेकंदाला सुमारे वीस कोटी पटस्थिती तपासत असे. तसले काही आपल्या घरात येईल असे स्वप्नातही नव्हते. आज 'स्टॉकफिश' हा जगज्जेत्यालाही भारी पडणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो. खर्च असतो तो यंत्राचा.

हिने भिशीचे पैसे पुढे केले. फ्रीजसाठी ठेवलेले होते. म्हणाली, "अहो, आपण माठातलं पाणी पिऊ. पोरीला मशीन घ्या." त्यानंतर एक रुपयाही वाया घालवण्याची माझी छाती नव्हती.

महिनाभर माहिती गोळा केली. स्टॉकफिशला महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. त्याचे काम प्रोसेसरवर चालते आणि तिथे कोअर जितके जास्त तितके बरे. वाचकहो, कोअर म्हणजे कचेरीतला कारकून समजा. एकाच्या जागी चौदा बसवले तर फायली भराभर निघतात. पण चौदा पट नव्हे. एकच फाईल अनेकांच्या हातांतून फिरली की थोडे काम दुबार होतेच.

मोठ्या कंपन्या जुने सर्व्हर मोडीत काढतात. त्यांतला इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४ हा चौदा कोअरचा प्रोसेसर मी लॅमिंग्टन रोडवर घेतला. २०१६ साली तो नवा निघाला तेव्हा किंमत होती १,७४५ डॉलर. मला त्याच्या अगदी थोड्या अंशात मिळाला. सर्व्हरमधूनच निघालेल्या रॅमच्या चार पट्ट्या घेतल्या, कारण हा प्रोसेसर चार वाटांनी रॅम वापरतो. डबा जुना चालवला, पण एसएमपीएस आणि पंखा नवा आणि चांगला घेतला. तिथे काटकसर केली तर बाकीचे सगळे जळण्याची भीती.

रविवारी जोडणी केली. पंखा फिरला, पण पडदा काळाच. तासभर खटपट केली. हिचा चेहरा पाहवेना. मग कळले, चूक माझीच. या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र दाखवण्याची सोयच नसते. दुसऱ्या दिवशी सर्वांत स्वस्त असे जुने ग्राफिक्स कार्ड आणले आणि पडदा उजळला.

मुलीने आधी तोच हरलेला डाव मांडला. पाच सोंगट्यांपर्यंतच्या सर्व स्थितींची उत्तरे असलेली तयार कोष्टके मिळतात, एक जीबीच्या आत. उत्तर क्षणात आले: बरोबरी! खरे सांगतो, या एका प्रश्नासाठी चौदा कारकून लागलेच नाहीत. ते लागतात डावाच्या मध्यात, जिथे वीस-पंचवीस चाली पुढचे पाहायचे असते.

पण यंत्र 'काय' ते सांगते, 'का' ते सांगत नाही. ते शोधायला आम्हा दोघांना रात्रीचे अकरा वाजले. तिने हत्ती आपल्या तिसऱ्या ओळीवर रोखून धरायला हवा होता. प्यादे त्या ओळीवर आले की लगेच मागे, पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन शह देत राहायचे. ती घाईने आधीच मागे सरली होती.

आता रविवारी वस्तीतली सात-आठ मुले येतात. नियम एकच. आधी आपला विचार वहीत लिहायचा, मग यंत्र सुरू करायचे. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून मुलींची संख्या वाढली आहे.

माठ अजून कोपऱ्यात आहे. खेळून दमलेली मुले त्यातलेच पाणी पितात.