हम कुठून येतो

घरी टर्नटेबलसाठी फोनो प्रीॲम्प बांधणाऱ्यांच्या गप्पांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: आयसी कुठला टाकला? एनई ५५३२ बरा की ओपीए २१३४, टीएल ०७२ वर भागेल का, की जुनं ट्रान्झिस्टरचंच सर्किट गोड वाजतं, यावर लोक तासन्‌तास बोलतात. मी स्वतः हे डबे बांधतो, बिघडलेले उघडून पाहतो, आणि त्यातून माझं मत असं झालंय की हा प्रश्न अगदी शेवटी विचारावा. मॅग्नेटिक कार्ट्रिजला लागणारं सर्किट हे कधीच सुटलेलं गणित आहे. बिघडतं ते मांडणीत. ट्रान्स्फॉर्मर कुठे बसवला, ग्राउंडच्या तारा कुठे एकत्र आणल्या, इनपुटची वायर किती लांब आहे आणि कशाच्या शेजारून गेली आहे, यावर प्रीॲम्प चांगला की वाईट ते ठरतं. नेमकं हेच सर्किटच्या आकृतीत दिसत नाही. आकृतीत ग्राउंडची खूण दहा ठिकाणी काढली तरी ती एकच जागा मानलेली असते. डब्यात मात्र त्या दहा जागा वेगळ्या असतात आणि त्यांच्यामधल्या तारेतून प्रवाह वाहत असतो.

मांडणीला एवढं महत्त्व का, ते आकड्यांवरून कळतं. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून १ किलोहर्ट्झला साधारण ५ मिलिव्होल्ट निघतात आणि ॲम्प्लिफायरला त्याच्या शंभरपट तरी हवे असतात. पण सगळ्या स्वरांना सारखंच शंभरने गुणून चालत नाही. तबकडी कापतानाच खर्ज दाबलेला असतो, नाहीतर एक खोबण शेजारच्या खोबणीत घुसेल. आणि वरचे स्वर चढवलेले असतात, म्हणजे वाजवताना ते उतरवले की तबकडीचा खसखसाटही त्यांच्याबरोबर उतरतो. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने यासाठी एक प्रमाण ठरवलं, तेच आरआयएए. ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद हे त्याचे तीन टाइम कॉन्स्टंट, म्हणजे सुमारे ५०, ५०० आणि २१२२ हर्ट्झ. प्रीॲम्पने हे सगळं उलटं करायचं असतं: २० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या नऊपट वाढ, २० किलोहर्ट्झला जेमतेम दहावा हिस्सा. आता आपल्या भिंतीतल्या विजेचा विचार करा. तीही ५० हर्ट्झचीच. त्या जागी वाढ १ किलोहर्ट्झच्या सातपट, म्हणजे एकूण ७०० पट होते. इनपुटच्या वायरीत ५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे संगीताचा हजारावा भाग, एवढी वीज कुठून तरी शिरली, तर बाहेर साडेतीन मिलिव्होल्ट मिळतात आणि ती संगीताच्या एकशेचाळिसाव्या हिश्श्यावर येऊन बसते. दुसऱ्या बहुतेक ऑडिओ सर्किटांमध्ये जी चूक खपून जाते, ती इथे सातपट मोठी होऊन ऐकू येते.

रॉक किंवा चित्रपटसंगीताच्या रेकॉर्डवर हे कदाचित झाकलं जाईल. ख्यालाच्या एलपीवर झाकलं जात नाही. आलाप सुरू होतो तेव्हा मागे मुख्यतः तानपुराच असतो. काळी एकचा षड्ज धरला तर तो सुमारे १३८.६ हर्ट्झचा, आणि पॉवर सप्लायमधून येणारा हम, म्हणजे विजेची गुणगुण, असतो १०० हर्ट्झचा, कारण फुल-वेव्ह रेक्टिफायर विजेची वारंवारता दुप्पट करतो. हिशोब केला तर हा १०० हर्ट्झ मंद्र सप्तकात तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधोमध कुठेतरी पडतो, कुठल्याच स्वरावर बसत नाही. तानपुऱ्याच्या जोडीला एक बेसूर तार सतत छेडली जावी तसं हे होतं. हमची सवय होते असं म्हणणाऱ्यांनी कुठल्याही विलंबित ख्यालाची पहिली दोन मिनिटं ऐकावीत.

मांडणीच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा दोष शोधताना मिळतो. आवाज आला की भाग बदलत सुटायचं नाही. आधी तो कसला आहे ते कानाने ओळखायचं. जाड, गोल, खोल गुणगुण असेल तर ती बहुतेक ५० हर्ट्झची, म्हणजे ट्रान्स्फॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा ग्राउंड लूपमधून, म्हणजे ग्राउंडच्या तारांच्या बंद वळशातून, आलेली. किंचित खरखरीत, धार असलेला भुणभुणाट १०० हर्ट्झचा असतो. तेव्हा फिल्टरचे कंडेन्सर, किंवा त्यांचा चार्जिंगचा प्रवाह सिग्नलच्या ग्राउंडमधून जातोय का, ते पाहायचं. मग इनपुटच्या सॉकेटमध्ये शॉर्ट केलेले आरसीए प्लग घालायचे. आवाज गेला तर तो टर्नटेबल, टोनआर्मच्या वायरी किंवा केबलकडून येतोय. राहिला तर डब्यातच आहे. डब्यातला असेल तर ट्रान्स्फॉर्मरचा सप्लाय काढून ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडायच्या. ५५३२ त्यावर आरामात चालतो. आवाज थांबला की संशय पॉवर सप्लायवर आणि त्याच्या जागेवर. या साऱ्या तपासणीत आयसीला हातही लागत नाही, आणि माझ्या अनुभवात बहुतेक डबे इथेच सुधारतात: ट्रान्स्फॉर्मर वेगळ्या डब्यात नेला, नाही जमलं तर नुसता फिरवून बसवला, दोन्ही चॅनेलचे ग्राउंड इनपुटपाशी एका बिंदूवर आणले, टर्नटेबलची ग्राउंडची तार त्याच बिंदूला जोडली, की झालं. क्वचित गोष्ट कार्ट्रिजपर्यंत जाते, कारण काहींत एका चॅनेलची ग्राउंडची पिन पत्र्याच्या पट्टीने कार्ट्रिजच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते आणि तिथे दुसरा लूप तयार होतो. हमऐवजी मंद आवाजात आकाशवाणीची मीडियम वेव्ह ऐकू आली, तर इनपुटची लांब वायर एरियलचं काम करतेय आणि पहिला ट्रान्झिस्टर डिटेक्टर झालाय असं समजावं; फेराइटचा मणी आणि आखूड वायर हा त्यावरचा इलाज. टोकदार चरचर येत असेल तर लाकडी काडीने एकेक जोड हलका ठोकून पाहावा. ड्राय सोल्डर लगेच सापडतो. एक गोष्ट मात्र अजिबात करू नये. हम घालवायला ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला अजून सर्रास दिला जातो. त्याने हम खरंच जातो, आणि पुढे कधी इन्सुलेशन फाटलं तर डब्याला हात लावणारा माणूसही जाऊ शकतो. लूप तोडायचाच असेल तर सर्किटचं ग्राउंड आणि धातूचा डबा यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर, एकमेकांविरुद्ध तोंडाचे दोन दणकट डायोड घालावेत. डब्याचं अर्थिंग कायम राहतं.

यावर आयसीवाल्यांचं उत्तर मला माहीत आहे: हम घालवणं ठीक, पण त्यानंतर आवाजाचा दर्जा ठरवतो तो आयसीच. यात थोडं तथ्य आहे, म्हणून आकडा पाहू. ५५३२ चा स्वतःचा इनपुट नॉइज दर रूट हर्ट्झला ५ नॅनोव्होल्ट, म्हणजे संपूर्ण श्राव्य पट्ट्यात सुमारे ०.७ मायक्रोव्होल्ट. ५ मिलिव्होल्टच्या संगीतापुढे हा सात हजारावा भाग. आणि आरआयएएमुळे वरचा खसखसाट आणखी दबतो. वापरलेल्या कुठल्याही तबकडीचा स्वतःचा आवाज याहून बराच जास्त असतो. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचं प्रकरण वेगळं: तिथे हातात ०.३ मिलिव्होल्टच असतात, पहिल्या टप्प्याचा नॉइज खरोखर ऐकू येतो आणि आयसीची निवड महत्त्वाची ठरते. पण घरी बांधणारे बहुतेक जण मूव्हिंग मॅग्नेटसाठीच बांधतात, आणि तिथे आवाजाचा रंग बदलणारी वस्तू म्हणजे केबल. महागडी केबल चांगली, असा याचा अर्थ नाही. प्रश्न तिच्या कपॅसिटन्सचा आहे. कार्ट्रिजच्या कॉइलचा इंडक्टन्स अर्धा हेन्री धरा आणि टोनआर्म, केबल, इनपुट मिळून कपॅसिटन्स २५० पिकोफॅरड. दोघांचा रेझोनन्स १४ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. कपॅसिटन्स दुप्पट झाला तर तो १० किलोहर्ट्झवर उतरतो, म्हणजे झांजांच्या आणि तानपुऱ्याच्या जवारीच्या ऐन पट्ट्यात. ५५३२ काढून दुसरा आयसी बसवल्यावर फरक पडला असं सांगणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की तेव्हा वायर आणि टर्नटेबल तेच होते ना. तोच न्याय आरआयएएच्या जाळ्यातल्या कंडेन्सरांना. दहा टक्के चुकीचा कंडेन्सर उतारावर जास्तीत जास्त ०.८ डेसिबलची चूक करतो, ती दोन चॅनेलमध्ये वेगवेगळी झाली तर गायक मधून सरकतो. साधे सिरॅमिक डिस्क इथे नकोत. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टायरिनचे घ्यावेत आणि कपॅसिटन्स मोजणाऱ्या मल्टिमीटरवर जोड्या लावाव्यात. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत दहा-वीस सुटे घेतले तर जोड्या मिळतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सर्किट ठरलेलंच असेल आणि मांडणी एवढी नाजूक असेल, तर तयार डबा का घेऊ नये? किंवा तबकडी आरआयएए न लावताच संगणकात उतरवून दुरुस्ती सॉफ्टवेअरवर का सोपवू नये? दुसऱ्या सूचनेत गोम अशी की ५ मिलिव्होल्ट कुणीतरी वाढवायचे असतातच. हमचा प्रश्न तिथेच उभा राहतो, वर अर्थिंग असलेला लॅपटॉप जोडला की नवा लूप. तयार डब्याला माझा विरोध नाही. नवीन एलपी आणि एकच कार्ट्रिज असेल तर तो घ्यावा. पण आपल्याकडच्या घरांत ७८ च्या तबकड्या पुष्कळ आहेत, आणि अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्व आरआयएएच्या डब्यातून ऐकले तर ते चुकीचेच ऐकू येतात. त्या काळातल्या एचएमव्हीच्या बऱ्याच तबकड्यांसाठी खर्जाचं वळण २५० हर्ट्झला धरतात आणि वरचे स्वर चढवलेले नाहीत असं मानतात. आरआयएए त्यांच्यावर ५०० हर्ट्झपासून खर्ज वाढवतो आणि १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल कापतो. गळा कांबळ्याखालून आल्यासारखा होतो. स्वतःच्या डब्यात ३१८ मायक्रोसेकंदांच्या जागी ६३६ आणि ७५ पूर्ण बंद, एवढा बदल एका स्विचने करता येतो. सुई अर्थात वेगळी लागते, एलपीची सुई ७८ च्या रुंद खोबणीच्या तळाला घासत जाते. आणि तो स्विच पुढच्या पॅनेलवर बसवायचा मोह आवरावा: तिथपर्यंत नेलेल्या वायरी ट्रान्स्फॉर्मरच्या अंगावरून जातात. स्विच बोर्डाला लागून ठेवावा आणि फिरवायला लांब दांडा लावावा.