नांगरलेला माळ

सुप्याजवळचा आमचा वडिलोपार्जित माळ मी नांगरला, ही माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी चूक. खडक वर आलेला, पाऊस बेताचा, त्यामुळे घरच्यांच्या लेखी ते पडीकच होतं. नोकरी संपवून गावी आलो तेव्हा ही जमीन चिंकारांसाठी ठेवायची असं ठरवूनच आलो होतो. जवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. हरणं काही त्याची हद्द पाळत नाहीत. आसपासच्या माळांवरही ती वावरतात. उन्हाळ्यात त्यांची उपासमार होत असणार, असं मी कुणाला न विचारता धरून चाललो. ट्रॅक्टर लावला, ठिबक टाकलं, मका आणि लसूणघास केला. गावातली गुरं शिरू नयेत म्हणून दोन बाजूंनी तारेचं कुंपण घातलं.

पडीक म्हणून जे उलथून टाकलं त्यात पवन्या होता, मारवेल होता, कुसळी होती. बोरीची झुडपं तर मुळासकट काढली. चिंकारा गाईसारखा एका जागी उभा राहून पोट भरत नाही. चालता चालता कोवळा पाला, फुलं, शेंगा खुडत जातो आणि त्यातल्या ओलाव्यावर पाण्यावाचून बरेच दिवस काढतो. गवत वाळल्यावरही बोरी-बाभळी त्याला धरून ठेवतात. म्हणजे त्याचं उन्हाळ्याचं अन्न मीच काढलं होतं. त्या गवतात जमिनीवर अंडी घालणाऱ्या चंडोलांचा विचार तर माझ्या मनातही आला नव्हता.

कणसं भरली तशी रानडुकरं आली. मका संपवून ती शेजारच्या भुईमुगात उतरली आणि रात्रीत निम्मं वावर उकरून गेली. शेजारी सकाळी दारात उभा राहिला. “मास्तर, हरणं तुमची, मग डुकरं आमच्याकडं का धाडता?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. नुकसान भरून दिलं, पण त्याचा हंगाम काही मला परत आणता आला नाही.

कुंपणाचं त्याहून वाईट झालं. चिंकारा लपून बसणारा प्राणी नाही. लांबवर दिसणारी मोकळी जमीन आणि पळ, एवढंच त्याचं संरक्षण. गावातल्या मोकाट कुत्र्यांनी एक पाडस कोपऱ्यात दाबलं. दोन्हीकडे तार. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वनरक्षकाला बोलावून पंचनामा झाला आणि मी त्याला कुंपण कुणाचं ते सांगितलं. त्या पाडसाबद्दल मला आजही बोलवत नाही, पण लिहायला बसलो आहे तर ते वगळून लिहिणं खोटं ठरेल.

मग पुन्हा गवत आणायचं ठरवलं आणि तिथंही घाई केली. हिवाळ्यात गोळा केलेलं बी पाभरीनं ज्वारीसारखं खोल पेरलं. उगवलं जवळपास काहीच नाही. उघड्या मातीत गाजरगवत मात्र माजलं, तेच १९५० च्या दशकात पुण्यात दिसलं आणि पुढे देशभर पसरलं ते.

दरवर्षी मेंढ्या घेऊन उतरणारे एक वयस्कर धनगर मामा ते बघून म्हणाले, “हे बी गाडायचं नसतं, मास्तर. वरच टाका. मेंढरं फिरवतो.” गवताचं बी हलकं असतं, त्याला वरच्या वर मातीचा पातळ थर पुरतो. कुसळीला तर तेवढंही लागत नाही. तिचं कुसळ ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो आणि बी स्वतःच जमिनीत शिरतं. पुढल्या वर्षी पहिल्या पावसाआधी शेणमातीत कालवून बी फोकलं आणि मामांनी वरून कळप नेला.

मारवेल आता बऱ्यापैकी धरला आहे. पवन्या मात्र जिथं नांगर गेला नव्हता त्या वरच्या अंगालाच आहे, तिथून खाली सरकायला तयार नाही. बी झडेपर्यंत विळा लावायचा नाही आणि कापणीही अर्ध्याच माळाची करायची, असं ठरवलंय. उरलेलं गवत चंडोलांसाठी. गाजरगवत फुलायच्या आत उपटावं लागतं, ते काम दर पावसाळ्यात आहेच. शेजाऱ्याच्या बाजूची तार काढली. रस्त्याकडची गुरांच्या भीतीनं अजून ठेवली होती, तीही या उन्हाळ्यात काढतो आहे; गुरं आली तर हाकलीन.