मतपत्रिकेवरील नांवांचा क्रम

जन्मभर मुलांस वर्णमाला शिकविलेल्या मनुष्यास मतपत्रिकेवरील नांवांच्या क्रमाविषयीं कुतूहल वाटावें, हें स्वाभाविकच आहे. आमच्या एकत्र कुटुंबांत प्रत्येक निवडणुकीच्या वेळीं हा विषय निघतो. 'सरकारास जो पसंत, त्याचें नांव वर,' असें आमच्या वहिनींचें ठाम मत! हा समज पालघरपासून तारापुरापर्यंत पुष्कळ सुशिक्षित घरांत मीं ऐकला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

हा क्रम आपल्याकडे सरकार लावीत नाहीं, पक्षहि लावीत नाहींत. तो कायद्यानें ठरतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, याच्या ३८ व्या कलमानें उमेदवारांचे तीन वर्ग केले आहेत: मान्यताप्राप्त पक्षांचे, केवळ नोंदलेल्या पक्षांचे आणि उरलेले, म्हणजे अपक्ष. प्रत्येक वर्गांत नांवें अक्षरानुक्रमें येतात. सर्वांखालीं, २०१३ पासून, 'वरीलपैकीं कोणीहि नाहीं' हा पर्याय असतो.

बोईसरची २०१९ सालची विधानसभेची निवडणूक घ्या. विलास तरे शिवसेनेचे, म्हणून पहिल्या वर्गांत. राजेश पाटील बहुजन विकास आघाडीचे, म्हणून दुसऱ्या. वर्णमालेंत 'र' हा 'व'च्या आधीं. तरीहि पाटलांस खालचेंच स्थान. विजयी झाले ते मात्र पाटील!

याचा अर्थ क्रमाचा परिणाम होतच नाहीं, असा नव्हे. ऑस्ट्रेलियांत १९३७ सालीं न्यू साउथ वेल्समधून मजूर पक्षानें सेनेटसाठीं इंग्रजी 'ए' अक्षरानें आरंभ होणाऱ्या आडनांवांचे चार उमेदवार उभे केले. चौघेहि निवडून आले. पुढें तेथें चिठ्ठ्या टाकून क्रम ठरूं लागला.

इस्रायल, दक्षिण आफ्रिका या देशांत तर मत पक्षास द्यावयाचें आणि उमेदवारांची यादी पक्षानें आधींच क्रमवार लावावयाची. तेथें वरचा क्रम म्हणजे जवळजवळ हातीं आलेली जागा. पण ती यादी मतदानापूर्वीं सर्वांस वाचावयास मिळते. आपल्याकडे पक्ष क्रम लावतात तो उमेदवारी देतांना. कोण पुढें, कोण मागें, कोणास डावललें, याची यादी कोठेंहि छापली जात नाहीं.

तेव्हां सुज्ञ वाचकांनीं वरच्या नांवास मान व खालच्यास कमीपणा देऊं नये. यादी शेवटपर्यंत वाचावी; आणि मत मागावयास येणाऱ्यास एवढें अवश्य विचारावें, 'तुमच्या पक्षानें तुम्हांस निवडलें, तें कोणत्या गुणांवरून?' वर्णमालेनें लाविलेला क्रम आपणांस डोळ्यांनीं तपासतां येतो. बंद दाराआड लागलेला क्रम प्रश्न विचारल्यावांचून कळत नाहीं.