मोटारीचा आडवा दांडा

निवृत्त नर्सने स्पोर्टस् मोटारीवर लिहावे, हे पाहून वाचकांना हसू येईल. पण प्रसंग आमच्या घरचा आहे, म्हणून सांगतो.

आम्ही 1977 साली शाळा संपवून इस्राएलला आलो. त्या काळी अरब बहिष्काराच्या धाकाने बाकीच्या मोठ्या जपानी कंपन्या इकडे फिरकत नसत. जपानी मोटार म्हणजे सुबारू. तेव्हा आमच्या चिरंजीवांनी 2004 सालची जुनी सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स घरी आणली, तेव्हा आम्हांस नावाचे नवल वाटले नाही. वेगाची मात्र धास्ती वाटली. तो बेरशेबाहून एन-बोकेकच्या एका हॉटेलात कामाला जातो. अरादपासून मृत समुद्रापर्यंत रस्ता सुमारे 1,000 मीटर खाली उतरतो, वळणामागून वळण. आम्ही 35 वर्षे हाडांच्या वॉर्डात काढली. अशा वळणांवरून आलेली कितीतरी तरुण मुले आम्ही ट्रॅक्शनवर पाहिली आहेत.

एके दिवशी त्याने एक लोखंडी दांडा आणला. ''ईमा, हा मागे बसवला की गाडी वळणावर घट्ट राहते,'' म्हणाला. वार्षिक टेस्टला अडचण नको म्हणून चौकशी आधीच करून आला होता.

आम्ही कारण विचारले. या मोटारीच्या चाकावर स्प्रिंग व शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला स्ट्रट असतो. त्याचे वरचे टोक मोटारीच्या पत्र्यातल्या बुरुजाला नटांनी आवळलेले असते. जोरात वळताना बाहेरच्या बुरुजावर भार येतो आणि पत्रा किंचित वाकतो. चपलांचे रिकामे खोके दोन्ही बाजूंनी दाबून पाहा, आत येते. मध्ये आडवी काठी घाला, दबत नाही. दांड्याचे काम तेवढेच. चार दारांच्या मोटारीत मागचा पत्रा आधीच आधार देतो, म्हणून फरक थोडाच पडतो.

शुक्रवारी सकाळी आम्ही मायलेक कामाला लागलो. मोटार सपाट जागी चारही चाकांवर उभी. जॅक लावायचा नाही. नट काढल्यावर स्ट्रटला जागेवर धरतो तो मोटारीचाच भार. मागच्या सीटची पाठ व अस्तर काढले, आणि उजव्या बुरुजाकडे आमची नजर गेली. स्ट्रटच्या माथ्याचे रबर चिरले होते.

''आधी हे बदल,'' आम्ही म्हणालो. त्याला राग आला. दांडा हातात, सुट्टीचा दिवस, आणि आई आडवी! पण जखम न पाहता प्लास्टर घालणारी नर्स आम्ही कधीच नव्हतो. शेवटी आठवडाभर काम थांबले. दोन्ही बाजूंची रबरे गॅरेजात बदलून घेतली, कारण दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीवावर बेतते. ते घरचे काम नव्हे.

पुढच्या शुक्रवारी दांडा बसवला. एकेका बाजूचे नट काढून पट्टी ठेवली, नट हातानेच फिरवले, मग मधला दांडा जोडला. बुरुज रेटले जाऊ नयेत म्हणून लांबी बेताने जुळवली. शेवटी टॉर्क पान्याने पुस्तकातल्या मापाइतकेच आवळले. जास्त आवळले तर बोल्ट तुटतो.

अरादच्या उतारावर तो आम्हांस घेऊन गेला. ''कळतं का, ईमा?'' त्याने विचारले. खरे सांगायचे तर आम्हांस काही कळले नाही. त्याला मात्र मोटार ताठ वाटत होती, आणि तीच आमची काळजी. मोटार ताठ वाटली की पाय जड होतो. दांड्याने ब्रेकचे अंतर कमी होत नाही, टायर रस्ता जास्त धरत नाही. हे आम्ही त्याला तिथेच सांगितले. तो काही बोलला नाही, पण पुढच्या वळणाआधी त्याने वेग कमी केला.

आता तो रोज एन-बोकेकला पोचला की फोन करतो. ''ईमा, पोचलो,'' इतकेच. तो दांडा आमच्या कामाचा नाही. हे दोन शब्द आहेत.