लाइकांची सोलकढी होत नाही

आमच्या कार्यालयात आवक-जावक रजिस्टर नावाची एक जाडजूड वही आहे. गेली वीस वर्षं मी ती भरतोय. आलेल्या कागदाला नंबर, गेलेल्या कागदाला नंबर. यंदा काम किती झालं असं कोणी विचारलं की आम्ही छाती फुगवून आवक सांगतो. इतके हजार अर्ज आले! त्यातले निकालात किती निघाले, हे मात्र विचारायचं नसतं.

ही वही मला एक दिवस घरच्याच कामात आठवेल असं काही वाटलं नव्हतं.

माझा थोरला भाऊ सांगे तालुक्यात राहतो. त्याचा ट्रक खनिज वाहायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. मध्यंतरी पुन्हा चालू झाल्या, पण मार्च २०१८ मध्ये परत बंद. तेव्हा त्याने ट्रक विकला आणि वहिनीने कुळागराकडे पाहिलं. भिरंडं दरवर्षी पडायचीच. तिने सोलं वाळवली, आगळ काढलं, फणसाची साटं घातली. आधी शेजारीपाजारी, मग मडगावचं पुरुमेंताचं फेस्त, असं करत करत गिऱ्हाईक जमलं. पुतण्या शिकलेला. त्याने वेबसाईट काढली, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिराती सुरू केल्या.

चतुर्थीच्या आधी वहिनीचा फोन आला. "भावोजी, जाहिरातीला नऊ हजार गेले. पोरगा म्हणतो सगळं छान चाललंय. मग डब्यात पैसे का नाहीत?"

सरकारी नोकराला धंदा करता येत नाही, पण भावजयीचा हिशोब तपासायला कोणाची हरकत असणार? रविवारी गेलो. पुतण्याने लॅपटॉपवर रंगीत आलेख दाखवले. "काका, अठरा हजार लोकांनी व्हिडिओ पाहिला. अकराशे लाइक!" मला आमचं रजिस्टर दिसलं. ही तर नुसती आवक झाली, बाबा. निकाल कुठे आहे?

मी कला शाखेचा पदवीधर, संगणकातलं मला टंकलेखनापलीकडे फारसं कळत नाही. पण पोरगा समजावतो चांगलं. गूगलने २००५ साली अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी गूगल ॲनालिटिक्स हे साधन आणलं. २०२३ च्या जुलैत त्याची जुनी पद्धत बंद झाली, आता जीए-फोर चालतं. गिऱ्हाईक कुठून आलं आणि साईटवर त्याने काय केलं, याची नोंद ते ठेवतं. प्रत्येक जाहिरातीच्या लिंकला आपण एक शेपूट जोडायचं, म्हणजे कोणत्या जाहिरातीवरून माणूस आला ते कळतं. त्या शेपटाला यूटीएम म्हणतात, आणि त्यातला 'यू' म्हणजे तेच जुनं अर्चिन! थोडक्यात, प्रत्येक कागदाला आवक क्रमांक.

नशिबाने पोराने शेपटं जोडली होती. फक्त शेवटपर्यंत कोणी मोजलं नव्हतं. आम्ही कागद घेऊन बसलो. एका ऑर्डरीमागे बाटली, खोका, टपाल सगळं वजा जाता वहिनीच्या हाती सरासरी १५० रुपये उरत होते. व्हिडिओवर ६,००० रुपये खर्च झाले होते. ड्रोनने टिपलेलं कुळागर, मागे संगीत, सगळं देखणं. ऑर्डरी आल्या सात. म्हणजे १,०५० रुपये मिळवायला सहा हजार घातले! दुसरी जाहिरात साधी होती. आगळाच्या बाटलीचा फोटो आणि खाली मराठीत चार ओळी, वाटीभर नारळाच्या रसाला आगळ किती घालायचं ते. खर्च ३,०००, लाइक जेमतेम नव्वद, ऑर्डरी चोवीस. म्हणजे ३,६०० रुपये आले. सहाशेच सुटले, पण सुटले. शिवाय त्या चोविसातल्या नऊ जणांनी पुढे परत मागवलं, आणि परत येणाऱ्याला जाहिरातीचा खर्च नसतो.

पुतण्या गप्प झाला. व्हिडिओसाठी तो चार दिवस राबला होता. मलाही वाईट वाटलं. पण आकडा तोंड बघून बोलत नाही, हाच त्याचा गुण.

एक कोडं मात्र राहिलं. आणखी एकतीस ऑर्डरींपुढे साधनाने नुसतं 'डायरेक्ट' लिहिलं होतं. म्हणजे काय, तर आले, कुठून ते माहीत नाही. वहिनी म्हणाली, "विचारूया की!" आणि तिने सरळ फोन लावले. बहुतेक मुंबई-पुण्यातले आपलेच लोक निघाले. गिरगावातल्या एका आजींनी बाटली मागवली, कढी केली आणि लिंक आपल्या गाववाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. असा तोंडोतोंडीचा प्रसार बिनशेपटाचा असतो, तो यंत्राच्या वहीत चढत नाही. तेव्हापासून प्रत्येक पार्सलाआधी वहिनी विचारते, "आमच्याबद्दल कुठे कळलं?" आणि उत्तर वहीत लिहिते. फुकटचं साधन, पण माझ्या मते सगळ्यात कामाचं.

पुतण्याने शेवटी एक युक्ती काढली. सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर फेसबुकला दिले, तर ते तशाच प्रकारची नवी माणसं शोधून देतं. तशी सोय आहे खरी. वहिनीने मान हलवली. "तांणीं नंबर पार्सल पावपाक दिल्लो. हांव तो दुसऱ्याक कित्याक दिंव?" माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला. वहिनीने तो वाचलेला नाही. तिला गरजही पडली नाही.

आता व्हिडिओचा खर्च बंद आहे. महिन्याला तीन हजार, तेही साध्या फोटोला, आणि दर पंधरा दिवसांनी हिशोब. दिवाळीत डब्यात थोडे पैसे दिसले. भावाने ट्रकचा विषय काढला नाही, हे मला जास्त मोलाचं वाटलं.

तुमच्यापैकी कोणी घरचं काही विकत असेल, नाटकाची तिकिटं असोत, पुस्तकं असोत की लोणचं, तर एवढंच सांगेन. साधनं चांगली आहेत, जरूर वापरा. पण आधी ठरवा काय मोजायचं ते. किती जणांनी पाहिलं हे नंतर बघा, आधी बघा हातात किती उरलं आणि परत कोण आलं.

सोमवारी कार्यालयात आलो आणि रजिस्टर उघडलं. आवकीच्या रकान्याशेजारी पेन्सिलने एक नवा रकाना आखलाय, 'निकाल'. साहेबांनी अजून पाहिलेला नाही.