पानावरचा वाटा

रानातल्या जनावराचे मांस शिजवण्याचे कसब मुळात चरबीच्या आधाराविना मांस शिजवण्याचे कसब आहे. दावणीला वाढवलेल्या बोकडाच्या मांसात चरबी मुरलेली असते, ती चुलीवर वितळते आणि रांधणाऱ्या हाताची थोडीफार चूक सावरून घेते. ज्या जनावराने आयुष्यभर चढउतारावर धाव घेतली त्याच्या मांसात हा आधार नसतो, उलट स्नायूंना एकमेकांशी आणि हाडांशी बांधणारे चिवट पांढरे तंतू, ज्यांना शास्त्रात कोलॅजन म्हणतात, तेथे भरपूर असतात. हे तंतू प्रखर कोरड्या आचेवर आकसतात आणि मांसातले पाणी पिळून बाहेर टाकतात, पण पाण्यात मंद आचेवर तासन्‌तास राहिले तर विरघळून त्यांचे जिलेटिन होते, आणि रस्सा बोटांना चिकटू लागतो. म्हणून पाठीचा कमी राबलेला भाग चटकन भाजून घ्यावा आणि मान, खांदा, पाय यांना वेळ द्यावा, एवढे एक सूत्र हाती आले की बाकीचे पुष्कळसे आपोआप सुचत जाते. जनावर मरते कसे यालाही महत्त्व आहे. हाका घालून दमवलेल्या जनावराच्या स्नायूंतली ग्लायकोजेन नावाची साठवणीची साखर मरणापूर्वीच संपते, त्यामुळे नंतर मांसात पुरेशी आम्लता येत नाही आणि ते काळपट, चिकट व लवकर नासणारे निघते. जाणता खाटीक बोकडाला सुरीपुढे आणण्याआधी शांत उभा राहू देतो, त्यामागे दयेइतकेच हेही कारण आहे.

पालघर जिल्ह्यात हे ज्ञान आज रानाच्या जनावरावर वापरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. उदाहरण गव्याचे घेऊ. ज्याला इंग्रजी अमदानीत ‘इंडियन बायसन’ म्हटले गेले तो गवा वास्तविक बायसन नव्हेच, तो आपल्या गाईबैलांच्या कुळातला. महाराष्ट्रात त्याचे नाव जोडले गेले आहे ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूर-राधानगरीच्या रानाशी, जेथे १९५८ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीची वाट बंद केली. गव्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण मिळालेल्या, प्राण्याची शिकार केल्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षांचा तुरुंगवास आहे, आणि ससा, भेकर, रानडुक्कर, घोरपड यांना खाण्यासाठी मारण्याचीही मुभा उरलेली नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरापासून डहाणू-पालघरच्या पट्टीपर्यंत राहणारे वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांच्या जेवणातला एक मोठा भाग त्यामुळे आठवणीत गेला. ही झीज खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. मात्र विरळ झालेल्या रानात पुन्हा शिकारीची मागणी करणे म्हणजे उरलेसुरले रानही ताटात वाढून घेणे होय.

रानाचे म्हणावे असे जे कायद्याच्या बाहेर उरले ते मुख्यतः पाण्यात आहे. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसानंतर ओढ्यांतून उलट्या दिशेने भातखाचरांकडे चढणाऱ्या अंडीभरल्या माशांना या भागात वलगणीचे मासे म्हणतात, आणि त्याच सुमारास शेताच्या बांधांतून खेकडे बाहेर पडतात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी रंगवलेले मासेमारीचे विस्तीर्ण जाळे ज्यांनी पाहिले असेल त्यांना या समाजाच्या मनात पाण्यातल्या शिकारीला किती जागा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. तरीही अंडी घालायला निघालेला सगळा मासा वाटेत अडवला तर पुढच्या वर्षी ओढ्याला काय चढणार, हा विचार वलगण खाताना मनात असलाच पाहिजे.

शिकार गेली, पण शिकारीचा एक रिवाज गावात टिकला आणि तो पाककलेच्या दृष्टीने शिकारीहून मोलाचा आहे. तो म्हणजे वाटा. सणावाराला किंवा देवकार्याला चारपाच घरे मिळून बोकड घेतात, तो कापून झाला की जमिनीवर पाने मांडली जातात आणि प्रत्येक पानावर केवळ बोटी, म्हणजे मांसाचे तुकडे, न ठेवता काळजाचा तुकडा, वजडीचा तुकडा, चरबी, हाड आणि आतडे असे सगळे थोडेथोडे ठेवले जाते. वाट्यात निवड नसते. मांडीच हवी असे म्हणण्याची सोय नसल्यामुळे प्रत्येक घराला जनावराचा प्रत्येक भाग शिजवता यावाच लागतो. वजनकाट्यावर मांस विकणाऱ्या दुकानाने ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य दिले आणि त्याच हाताने ही विद्या त्याच्याकडून काढून घेतली.

या मुद्द्याची दुसरी बाजू अमेरिकेच्या गवताळ मैदानांत दिसते. तेथील मूळ रहिवासी बायसनचे मांस पातळ कापून वाळवीत, कुटीत आणि वितळलेल्या चरबीत कालवून पेमिकन नावाचा टिकाऊ पदार्थ करीत. कारण चरबीशिवाय निव्वळ कोरड्या मांसावर माणूस फार काळ जगत नाही हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. जीभ, वशिंड, नळीतला मगज आणि आतडी हे त्यांचे आवडते भाग होते. एकोणिसाव्या शतकात कातड्याचे व्यापारी आले, त्यांनी कातडे काढले, फार तर जीभ कापून खारवून विकायला पाठवली, आणि उरलेला देह सडत टाकला. कोट्यवधींचा कळप १८८० च्या दशकाअखेरीस हजाराच्या आसपास उरला. जीभ दोघांनीही खाल्ली. एकाने ती वाट्यात घेतली आणि दुसऱ्याने तिच्यासाठी वाटाच मोडला, हा फरक स्वयंपाकाचा अभ्यास करणाऱ्याने विसरू नये.

वाट्यातल्या सर्वांत अवघड जिनसेकडे, वजडीकडे, थोडे थांबून पाहणे योग्य ठरेल. वजडी म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट, ज्याला चार कप्पे असतात. त्यांतला एक कप्पा मधमाशांच्या पोळ्यासारखा जाळीदार असतो आणि एकात वहीच्या पानांसारख्या घड्या असतात, ज्यांच्या आड चाऱ्याचा चुरा अडकून बसतो, म्हणून ती पाने एकेक उलटून वाहत्या पाण्याखाली धुवावी लागतात. आतल्या काळपट आवरणासाठी पाणी गरम हवे, पण उकळते नको; हात क्षणभरच टिकेल इतक्या गरम पाण्यात वजडी बुडवली की आवरण सैल होते आणि सुरीच्या बोथट बाजूने खरवडून निघते, उलट पाणी उकळते असले तर तेच आवरण घट्ट बसते आणि मग तासभर घासूनही सुटत नाही. पुष्कळ घरांत वजडी वाईट लागते ती या एका चुकीमुळे. खरवडल्यावर मीठ, हळद आणि तांदळाचे पीठ चोळून दोनतीनदा धुवावी, पहिले उकळलेले पाणी ओतून द्यावे, आणि नंतरच लसूण, आले, लाल मिरची घालून ती नखाने तुटेपर्यंत शिजवावी. घाई करून वाढलेली वजडी रबरासारखी लागते आणि खाणाऱ्याचे मन कायमचे उठते.

काळजाची रीत नेमकी उलटी आहे. त्यात कोलॅजन थोडे असल्याने ते तापल्या तव्यावर काही मिनिटांतच तयार होते आणि त्यापुढे प्रत्येक मिनिटाला कडक होत जाते. गुरदा मधोमध चिरून आतला पांढरा गाभा काढून टाकावा, भेज्यावरची पातळ त्वचा सोलून तो हळदीच्या पाण्यात अलगद उकळावा, आणि रक्ती, म्हणजे गोठलेले रक्त, त्याच दिवशी उकळून चिरावी व कांदा-हिरव्या मिरचीवर परतावी, कारण ती शिळी ठेवण्याची वस्तूच नव्हे. काळीज आणि रक्ती यांच्यातले लोह शरीर सहज शोषून घेते. रक्तक्षयाचा प्रश्न असलेल्या पाड्यांवर हेच भाग गरिबाचे म्हणून कमी लेखले जावेत ही खेदाची गोष्ट आहे.

पालघर जिल्ह्यातल्याच बोईसर-तारापूरच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र जोडावी लागते. १९६९ साली तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे शेजारी मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि देशभरातून आलेल्या कामगारांमुळे बोईसरच्या मटणाच्या दुकानांत वजडी, मुंडी, पाये यांना चांगले गिऱ्हाईक मिळाले. ज्यांचा गावाकडचा वाटा सुटला त्यांनी तो येथे पैसे देऊन परत मिळवला असे म्हणता येईल. परंतु काळीज आणि गुरदा हे शरीराचे गाळणारे अवयव असून कॅडमियमसारखे जड धातू त्यांत साठतात, त्यामुळे कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्याकाठी चरलेल्या जनावराचे हे दोन भाग टाळावेत. जनावर कोठे चरले हे खाटकाला विचारण्यात संकोच नसावा. वाट्याच्या काळात हा प्रश्न विचारावाच लागत नसे, कारण बोकड सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेला असे.

रानमांसाच्या सर्वांत जवळ जाणारी चव आजही मिळते ती उकिरड्यावर, बांधावर आणि झाडाखाली दिवसभर फिरलेल्या गावठी कोंबड्यात. तो वयस्क असेल तर त्याच्या तंगड्या दुकानातल्या कोंबडीच्या दुप्पट-तिप्पट वेळ मागतात, छाती मात्र लवकर कोरडी पडते, म्हणून एकाच पातेल्यात सगळे एकदम टाकू नये. तंगड्या, मान, पाय आणि गिझार्ड म्हणजे पोटातली दगडी आधी चढवावी, त्या अर्ध्या शिजल्या की छाती घालावी आणि काळीज अगदी शेवटी. चुलीतली लाकडे मागे ओढून निखाऱ्यावर झाकण ठेवले, की नागलीची भाकरी थापून होईपर्यंत वरच्या रश्शाला हलकी साय धरते आणि तंगडीचे हाड बोटांच्या चिमटीत ओढल्यावर मांस मागे सोडून मोकळे निघते.